जरा बॅगेकडे लक्ष ठेवा हं!

मागच्या महिन्यात रेल्वे स्टेशनवर एक कॉलेजचा पोरगा चार्जिंगला पॉवर बँक लावून पाण्याची बाटली भरायला गेला. तेवढ्यात चेक्सचा शर्ट घातलेला एकजण आला, आरामात वायर काढली, पॉवर बँक खिशात टाकली आणि चालायला लागला. बाकावर आम्ही चार-पाच जण होतो, सगळ्यांनी बघितलं. मी शेजारच्या काकांकडे बघितलं, काका माझ्याकडेच बघत होते, मग दोघांनीही परत मोबाईलमध्ये डोकं घातलं. पोरगा येऊन विचारतोय, कोणी नेली बघितलं का ओ, तर मी म्हटलं नाही रे, लक्ष नव्हतं. चक्क खोटं बोललो.

घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं की यावर अमेरिकेत बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकातच प्रयोग केलेत, त्यातला एक तर बिअरच्या दुकानात. दुकानदार आत गेला की त्यांचीच ठरवून ठेवलेली माणसं बिअरचा अख्खा खोका उचलून न्यायची, आणि बाकीचं गिऱ्हाईक दुकानदाराला सांगतंय का ते बघायचं. गिऱ्हाईक एकटं असेल तर 65% वेळा सांगितलं, तेही बऱ्याच जणांनी दुकानदाराने विचारल्यावर. आता दोन गिऱ्हाईकं असतील तर निदान एकाने तरी सांगायची शक्यता, साधा हिशोब केला तर 88% च्या आसपास यायला हवी ना? आली 56%. म्हणजे बघणारे वाढले आणि बोलणारे उलट कमी झाले!

याचं एक कारण म्हणजे जबाबदारी वाटली जाते, बोलेल की दुसरा कोणीतरी. आणि दुसरं कारण तर अगदी आमच्या बाकावरचंच. चोरी बघताना ती चोरीच आहे याची खात्री नसते (त्याचा भाऊ असला तर? उगाच तोंडघशी पडायचं), मग आपण शेजाऱ्याचा चेहरा बघतो, तो शांत, म्हणजे काही नसणार. गंमत अशी की तोही आपला शांत चेहरा बघूनच गप्प बसलेला असतो.

पण मला जास्त आवडला तो थॉमस मोरियार्टीचा 1975 चा प्रयोग. न्यूयॉर्कजवळच्या जोन्स बीचवर त्याचा माणूस लोकांशेजारी चादर टाकून रेडिओ लावायचा, मग उठून जाताना काही जणांना म्हणायचा माझ्या सामानाकडे जरा लक्ष ठेवा, आणि बाकीच्यांशी नुसतंच काहीतरी किरकोळ बोलायचा. थोड्या वेळाने 'चोर' येऊन रेडिओ उचलायचा. किरकोळ बोललेल्या 20 जणांपैकी 4 जणांनी चोराला अडवलं. आणि लक्ष ठेवा सांगितलेल्या 20 पैकी किती? 19! काहीजण तर त्याच्यामागे पळत गेले. माणसं तशीच, बीच तोच, फरक फक्त एका वाक्याचा, कारण आता 'कोणीतरी बघेल' मधला कोणीतरी कोण हे ठरलेलं असतं.

आपल्याकडे एसटी स्टँडवर हे वाक्य बायका कधीपासून वापरतायत, त्यांना कुठल्या प्रयोगाची गरज पडली नाही. स्वारगेटला एकदा बायको एका मावशींना "जरा बॅगेकडे बघा हं, आलेच" सांगून तिकिटाचं विचारायला गेली आणि मी चहा पिऊन येऊन ती बॅग उचलायला लागलो, तर मावशींनी माझं मनगटच धरलं. नवरा आहे म्हणून सांगितलं तरी सोडेनात, म्हणाल्या, "येऊ दे तिला, मग बघू."