शीच्या जागेतून द्यायची तापाची गोळी: कशी द्यावी, कशी लागू पडते

सिरप पाजलं की मूल उलटी करतं, अशा वेळी डॉक्टर पॅरासिटामॉलची सपोझिटरी लिहून देतात. ती ८०, १७०, २५० मिलिग्रॅम अशा मापांत मिळते आणि माप बाळाच्या वजनावरून ठरतं. म्हणून मोठ्या भावंडाची उरलेली गोळी धाकट्याला देऊ नका. अर्धी कापूनही नको, कारण दोन्ही तुकड्यांत औषध सारखं येईलच असं नाही.

मूल शी करून आल्यावर दिलेली बरी. गोळी शीत रुतून बसली तर औषध आतल्या अस्तराला लागतच नाही. हात धुवा, बाळाला डाव्या कुशीवर निजवून वरचा गुडघा पोटाशी घ्या. वेष्टन काढून गोळी साध्या पाण्यात बुडवा. व्हॅसलीन किंवा तेल लावू नका, त्याचा थर औषध शोषू देत नाही. निमुळतं टोक पुढे ठेवून अलगद सरकवा, लहान बाळाला साधारण दीड-दोन सेंटिमीटर आत. मग दोन्ही कुल्ले काही मिनिटं जुळवून धरा. घाईघाईत नेमकं हेच राहून जातं आणि गोळी बाहेर येते. अख्खी आली तर लगेच पुन्हा घाला. वितळून आली असेल तर दुसरी देण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण किती औषध अंगात गेलं ते कळत नाही.

गोळी अंगाच्या उष्णतेने वितळते, पण गुदाशयात ओलावा अगदी थोडा असतो, त्यामुळे औषध हळूहळू विरघळतं. पोटातून घेतलेलं पॅरासिटामॉल साधारण तासाभरात रक्तात भरतं, या वाटेने दोन-तीन तासही लागतात. इथेच सगळ्यात मोठी चूक होते: अर्ध्या तासात ताप उतरला नाही म्हणून वरून सिरप पाजलं जातं. औषध तेच आहे! खालच्या शिरांतून गेलेला काही भाग सुरुवातीला यकृत टाळतो, पण शेवटी सगळा भार यकृतावरच येतो. दोन डोसांत किमान चार ते सहा तास जाऊ द्या आणि २४ तासांत सिरप धरून चारपेक्षा जास्त डोस नकोत.

उन्हाळ्यात गोळी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. मऊ पडली असेल तर वेष्टनासकट थंड पाण्यात ठेवून घट्ट होऊ द्या, मगच सोला.

जुलाब, गुदद्वारातून रक्त किंवा केमोथेरपी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर आधी डॉक्टरांकडे न्या.