नव्वद किलोंची कयाक पाण्यात उतरते कशी?

कयाक म्हटले की निमुळती, हलकी, एका माणसाने खांद्यावर टाकून न्यावी अशी होडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतल्या हौशी मासेमारांनी गेल्या वीसएक वर्षांत आपलीशी केलेली कयाक मात्र चांगलीच थोराड आहे. हॉबी कंपनीच्या 'प्रो अँगलर 14' या प्रसिद्ध नमुन्याची लांबी 4 मीटरहून थोडी जास्त, रुंदी जवळजवळ 1 मीटर, आणि आसन व पायाने चालवायची यंत्रणा जोडली की वजन 65 किलोंच्या आसपास भरते. त्यात बॅटरी, मासे शोधणारे ध्वनियंत्र, बर्फाची पेटी, नांगर आणि गळांचा संच यांची भर पडली की आकडा सहज नव्वदीला टेकतो. पाण्यावर हे धूड दोन पायांच्या जोरावर मजेत चालते; खरी परीक्षा होते ती गाडीपासून पाण्यापर्यंतच्या वीस-तीस मीटरांत.

हे वजन उगाच वाढलेले नाही. गळ फेकण्यासाठी होडीत उभे राहायचे तर माणसाचा गुरुत्वमध्य बराच वर जातो, आणि तरीही होडी कलंडू नये यासाठी तिला रुंदी द्यावी लागते. रुंद आणि सपाट कवच माणसाच्या भाराखाली वाकू नये म्हणून ते जाडही करावे लागते. हे कवच बहुधा पॉलिएथिलीनचे असते: प्लास्टिकची भुकटी साच्यात घालून साचा भट्टीत सर्व बाजूंनी फिरवत ठेवला की ती वितळून आतल्या भिंतींवर सारखी बसते आणि सांधा नसलेली अखंड पोकळ होडी तयार होते. हा पदार्थ दगडावर आपटला तरी सहसा फुटत नाही, पण त्याला ताठपणा कमी, आणि ती कसर जाडीने, म्हणजे वजनाने, भरून काढावी लागते.

कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या नायॉश या अमेरिकी संस्थेने 1991 मध्ये सुधारलेल्या सूत्रानुसार, सगळी परिस्थिती अनुकूल असताना एका माणसाने उचलावयाच्या भाराची शिफारस केलेली मर्यादा 23 किलो आहे. रिकाम्या कयाकचे एकच टोक उचलले आणि दुसरे जमिनीवर टेकलेले ठेवले, तरी हातांवर तिचा निम्मा भार, म्हणजे 32 किलो येतो. एकट्याने हे काम करायचे तर उचलण्याचा विचारच सोडून द्यावा लागतो आणि भार कोणावर टाकायचा एवढेच ठरवायचे उरते: आधी चाकांवर, मग पाण्यावर.

चाकांचे काम तरफेच्या साध्या हिशेबाने कळते. दोन चाकांचा गाडा होडीच्या गुरुत्वमध्याच्या 20 सेंटिमीटर मागे लावला आणि पुढची मूठ आसापासून 2 मीटरवर असली, तर नव्वद किलोंपैकी हातावर येतात फक्त 9 किलो. बाकीचे सगळे आस पेलतो. गाडा आणखी मागे सरकवला की हातावरचा भार त्याच प्रमाणात वाढतो. तो बरोबर गुरुत्वमध्याखाली आणला तर हातावर काहीच येत नाही, पण मग प्रत्येक खड्ड्यात होडी पुढेमागे डोलते. थोडासा भार हातात राहिलेला बरा. काही गाड्यांचे खुंट होडीच्या तळातल्या पाणी निचरणाऱ्या भोकांत बसतात. सोय आहे खरी, पण सगळा भार भोकांच्या पातळ कडांवर एकवटतो आणि सामानाने भरलेली होडी खडबडीत वाटेवर ओढताना तिथे चिरा पडू शकतात. तळाला रुंद पट्ट्यांवर झेलणारा गाडा जड होडीसाठी अधिक शहाणपणाचा.

आता सार्वजनिक धक्क्याचा उतार. मोटारबोटींचे ट्रेलर पाण्यात मागे नेता यावेत म्हणून बांधलेल्या काँक्रीटच्या या उतारांचा चढ साधारणपणे 12 ते 15 टक्के ठेवतात, म्हणजे 100 मीटर अंतरात 12 ते 15 मीटर उंची. 14 टक्के धरले तर नव्वद किलोंची होडी उतारावर साडेबारा किलोंच्या जोराने खाली ओढत असते. काँक्रीटवर हवेच्या चाकांचा रोध भाराच्या दोनेक टक्केच असल्याने, वर चढवताना सुमारे साडेचौदा किलोंचा जोर लावावा लागतो आणि खाली सोडताना साडेदहा किलोंचा जोर धरून ठेवावा लागतो. हे आकडे फार मोठे नाहीत. अडचण हातांची नसून पायांची असते.

ऐंशी किलोंचा माणूस त्या उतारावर नुसता उभा राहण्यासाठी त्याच्या तळव्याला 0.14 इतका घर्षणांक लागतो. तोच माणूस होडी वर खेचू लागला की त्याच्या पायांनी स्वतःचे 11 आणि होडीचे साडेचौदा असे पंचवीसेक किलो जमिनीत उतरवायचे असतात, म्हणजे घर्षणांक 0.3 च्या पुढे हवा. कोरडे काँक्रीट याच्या दुप्पट सहज देते. भरतीच्या रेषेखालच्या पट्ट्यावर मात्र हिरव्या शेवाळाचा बुळबुळीत थर असतो, आणि तिथे बुटाचा तळ काँक्रीटला टेकतच नाही. काँक्रीट ओले असतानाच त्यात खाचा पाडतात, पण त्याही कालांतराने शेवाळ आणि गाळाने बुजतात. अटलांटिक किनाऱ्यावरच्या जॉर्जिया राज्यात भरती-ओहोटीतला फरक 2 मीटरहून अधिक असतो. तिथे पहाटे भरतीला कोरड्या काँक्रीटवरून निघालेला माणूस दुपारी ओहोटीला परततो तेव्हा 14 टक्के उतारावर पंधराएक मीटरांचा निसरडा पट्टा उघडा पडलेला असतो. थकल्या अंगाने, चढाच्या दिशेने, त्याच पट्ट्यावर होडी ओढायची असते.

काँक्रीटऐवजी वाळू असली की हिशेब पार बदलतो. अरुंद, टणक चाक वाळूत रुतते आणि पुढे जाताना प्रत्येक क्षणी स्वतःच खणलेल्या खळग्याचा काठ चढत राहते. कोरड्या भुसभुशीत वाळूत असा रोध भाराच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत जाऊ शकतो. सपाट किनाऱ्यावरच वीस-तीस किलोंचा जोर लागला तर उतार परवडला म्हणायची पाळी येते. कोकणात होडी किनाऱ्यावर ओढताना तिच्याखाली लाकडी ओंडके घालतात, त्यामागचे सूत्र इथेही लागू आहे: भार मोठ्या क्षेत्रावर पसरवा आणि घासण्याऐवजी लोळू द्या. मऊ रबरी फुगीर चाकांत हवा अगदी कमी, दर चौरस सेंटिमीटरला 200 ग्रॅमच्या आसपास ठेवतात. चाक जमिनीवर टाकत असलेला दाब साधारण आतल्या हवेच्या दाबाइतकाच असतो. म्हणून प्रत्येक चाकावर 45 किलो आले की ते सुमारे 225 चौरस सेंटिमीटर, म्हणजे पंधरा बाय पंधराचा तुकडा व्यापेपर्यंत चेपत जाते आणि वाळूवरच राहते. वाटही निवडावी लागते. पाण्यापासून जरा वरच्या दमट पट्ट्यात वाळूच्या कणांमधले पाण्याचे सूक्ष्म पूल कणांना एकमेकांकडे खेचून धरतात आणि जमीन कडक होते. वरची कोरडी वाळू आणि लाटेने चिंब केलेली वाळू या दोन्हींत ती पकड नसते.

पाण्यापर्यंत पोचले की आर्किमिडीज बाकीचे काम करतो, आणि लोकांच्या अपेक्षेपेक्षा फार लवकर करतो. या होडीचा पाण्याला टेकणारा तळ अडीच चौरस मीटरांच्या आसपास धरला, तर नव्वद किलोंसाठी सरासरी चारएक सेंटिमीटर पाणी बाजूला सारले की पुरे. घोट्याइतक्या पाण्यात ती तरंगते. कमरेइतक्या पाण्यात ढकलत नेण्याचे कारण नाही. फुगीर चाकेही तरंगतात. अशा एका चाकाचे आकारमान आठ-दहा लिटर असू शकते, त्यामुळे पाण्यात शिरताच गाडा तळाला खालून चिकटून वर दाबू लागतो, आणि पट्टा सोडताच बाजूने उसळी घेऊन वाऱ्याबरोबर निघून जातो. त्याला दोरी हवी.

सर्वांत फसवा क्षण यानंतरचा. होडीचे पुढचे टोक तरंगते आहे आणि मागचे टोक अजून उतारावर टेकलेले आहे, अशा स्थितीत अनेक जण आसनावर बसतात, कारण होडी स्थिर वाटते. ती लांबीच्या दिशेने स्थिर असते. आडव्या दिशेने तिची स्थिरता घटलेली असते. रुंद होडी कलंडत नाही, याचे कारण ती एका बाजूला झुकताच त्या बाजूचा तळ अधिक पाणी विस्थापित करतो आणि तिला परत सरळ करतो. तळाचा काही भाग पाण्याबाहेर राहिला की सरळ करणारी ही ताकद तेवढी कमी होते. आणि जमिनीचा आधार गुरुत्वमध्याच्या पुष्कळ खाली, तळाच्या एका बिंदूवर असल्याने तो होडीला सावरण्याऐवजी तिच्या झुकण्याला बिजागरीसारखा उपयोगी पडतो. सुक्या गोदीत पाणी उपसताना मोठ्या जहाजाचा मागचा भाग ठोकळ्यांवर आधी टेकतो, तेव्हा हाच धोका असतो, आणि जहाजबांधणीत त्याचे गणित आधी मांडून ठेवावे लागते. कयाकवाल्याने एवढेच करायचे: पूर्ण होडी तरंगू द्यायची, बाजूने गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, आणि आधी बूड आसनावर टेकवून मग पाय आत घ्यायचे.

गाडीवरच्या प्रवासाबद्दल थोडक्यात. बहुतेक मोटारींच्या टपाची चालत्या गाडीतली भारमर्यादा 45 ते 75 किलोंच्या दरम्यान असते आणि त्यात टपावरच्या आडव्या दांड्यांचे वजनही धरलेले असते. म्हणजे आसन व पायडल काढून ठेवल्याशिवाय ही होडी टपावर बसवणे मर्यादेशी झोंबी घेण्यासारखे आहे. कमी उंचीचा ट्रेलर हाच तिचा खरा सोबती, आणि त्यावर लादताना एकूण भाराचा 10 ते 15 टक्के हिस्सा जोडकड्यावर यावा. भार मागे गेला तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. पट्टे आवळताना पॉलिएथिलीनचा स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. तापमान 30 अंशांनी चढले तर चार मीटरची होडी दीड ते अडीच सेंटिमीटर लांब होते. पहाटेच्या गारव्यात करकचून बांधलेला टोकाचा दोर त्यामुळे दुपारी आणखी ताणला जातो, आणि उन्हात मऊ पडलेले कवच पट्ट्याखाली हळूहळू खोल दबत जाते. असा खळगा पट्टे सोडून होडी पुन्हा उन्हात ठेवली की बरेचदा आपोआप भरून येतो.

परतताना चढ चढण्याआधी निचऱ्याचे बूच काढावे. झिरपलेले वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो भार, आणि उतारावर ते मागच्या टोकाकडे धावते. मघाचा नऊ किलोंचा हिशेब बिघडतो आणि हातातली मूठ उलट वर उचलू पाहते. त्या पाण्यातून आणखी एक प्रवासी जाऊ शकतो. 1988 मध्ये अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक सेंट क्लेअर सरोवरात आढळलेला झेब्रा शिंपला त्यानंतर असंख्य जलाशयांत पोचला, आणि त्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या होडीत साचलेल्या पाण्यात जिवंत राहतात. मिनेसोटा राज्यात तर जलाशयावरून निघताना होडीतले पाणी काढून टाकणे आणि रस्त्यावरून नेताना निचऱ्याचे बूच काढलेले ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. कयाकमध्ये पाणी राहण्याच्या जागा मोटारबोटीपेक्षा कमी असल्या तरी पायडलची खाच, आसनाखालची पोकळी आणि गाड्याच्या चाकांचे तुंबे ही ठिकाणे हमखास विसरली जातात.