महापेतला काळा पडदा

महापे एमआयडीसीतल्या आमच्या कचेरीत चाचणीच्या एका मशीनवर उबुंटू ह्या लिनक्स प्रणालीची 25.10 आवृत्ती चढवली. कळव्याहून, घरून जोडणारा सहकारी फोनवर म्हणाला, "कनेक्ट झालंय रे, पण नुसतं काळं दिसतंय." नेटचा दोष नव्हता. ह्या काळ्या पडद्याची गोष्ट चाळीस वर्षं जुनी आहे.

1984 मध्ये एमआयटीत एक्स विंडो सिस्टिम, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारी व्यवस्था, जन्मली. 1987 ची एक्स11 आवृत्ती पुढे लिनक्सवर रुळली. प्रोग्रॅम एका यंत्रावर, पडदा दुसऱ्यावर, ही सोय तिच्यात मुळातच होती. बाकी कारभार चाळीचा, दारं सताड उघडी. कुठल्याही प्रोग्रॅमनं अख्खा पडदा वाचावा, दुसऱ्याच्या खिडकीत कळा दाबाव्यात. एक्स11व्हीएनसीसारखी, दुरून पडदा दाखवणारी साधनं ह्याच मोकळीकीवर जगली. सुरक्षेच्या दृष्टीनं हे भयंकरच, पण सोयीचं होतं, म्हणून कुणी बोललं नाही.

2008 मध्ये क्रिस्टियान हॉग्सबर्ग यांनी एक्सच्या जागी यायचं वेलँड सुरू केलं आणि दारांना कड्या आल्या. आता एका प्रोग्रॅमला दुसऱ्याचं काहीच दिसत नाही. उबुंटूनं 17.10 मध्ये वेलँड मुख्य केलं आणि 18.04 ला पुन्हा माघार घेतली. तेव्हा दिलेल्या कारणांत रिमोट डेस्कटॉप नीट न चालणं हेही होतं. 21.04 पासून वेलँड परतलं ते कायमचं.

आमच्याकडे मात्र तोडगा तयार असे: लॉगिनच्या पडद्यावरचं दातेरी चाक दाबायचं, 'उबुंटू ऑन झॉर्ग', म्हणजे जुनं एक्स11, निवडायचं, विषय संपला. 2020 च्या लॉकडाउनमध्ये तर झॉर्गच मुख्य होतं, म्हणून अख्खी टीम त्या क्लिकशिवायच तगली. 25.10 मध्ये मात्र ग्नोमचं, म्हणजे उबुंटूच्या डेस्कटॉपचं, ते सेशनच काढून टाकलंय.

नवी वाट पाइपवायर (पडद्याचं चित्र पोचवणारी सोय) आणि पोर्टल (परवानगी विचारणारी सोय) यांची: प्रोग्रॅम परवानगी मागतो, समोरचा माणूस 'शेअर' दाबतो. पण पावसात ट्रान्स-हार्बर लोकल रखडल्यावर महापेत समोर बसणार कोण? त्यावरचा उपाय, म्हणजे कुणी लॉगिन केलेलं नसतानाही आरडीपी ह्या दुरून जोडायच्या प्रोटोकॉलनं आत शिरणं, ग्नोम 46 मध्ये, 2024 साली आला.

म्हणून आमची चाचणी आता मशीन रीबूट करून, त्याच्यासमोरच्या माणसाला तिथून उठवून, कुणी लॉगिन न करता सुरू होते.