‘आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही’ : खुलासा

हा समज २०१०चा आहे. तेव्हा शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६मुळे आठवीपर्यंत मुलाला वर्गात मागे ठेवता येत नव्हते. परीक्षा मात्र तेव्हाही होत्याच. आकारिक (रोजच्या वर्गातल्या कामावरून होणारे) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारे) मूल्यमापन वर्षभर चालायचे, पण ‘ढकलपास’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो बसलाच.

२०१९च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीला नापास करण्याची मुभा राज्यांना दिली आणि महाराष्ट्राने ती २०२३-२४पासून लागू केली. या दोन इयत्तांना आता वार्षिक परीक्षा असते. पाचवीत प्रत्येक विषयाला ५०पैकी १८, आठवीत ६०पैकी २१ गुण लागतात. एकूण टक्केवारी चांगली असली तरी प्रत्येक विषयात वेगळे उत्तीर्ण व्हावे लागते. पालक नेमके इथेच फसतात. नापास झाल्यास निकालानंतर दोन महिन्यांत पुनर्परीक्षा होते. त्यातही जमले नाही तर मूल त्याच वर्गात राहते. शाळेतून काढता मात्र येत नाही, नापास म्हणून शाळा सोडल्याचा दाखला मुलाच्या हातात देणे बेकायदा.

राज्यभर एकाच प्रश्नपत्रिकेवर होणारी पायाभूत चाचणी वेगळी. ती मूल कुठे अडते ते शिक्षकाला दाखवते. तिच्यावर पास-नापास ठरत नाही.