तुमचं वेब ॲप तपासतो म्हणजे आम्ही नक्की काय करतो

ग्राहक मंडळींना नमस्कार,

मध्यंतरी लातूरच्या एका अडत दुकानाचं ॲप आमच्याकडे तपासायला आलं. शेतकऱ्याने मोबाइल नंबर टाकायचा आणि सोयाबीनची पट्टी (म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब) बघायची, एवढंच काम. ॲप कुठे अडत नव्हतं. पट्टीवर मात्र 'ग्रॉस', 'डिडक्शन', 'नेट पेएबल' असं लिहिलेलं. कट्टे किती, वजन किती भरलं, हमाली-तोलाई किती कापली, हे ज्याला बघायचंय तो शेवटी दुकानात फोन लावायचा. मुनीमजींचं काम उलट वाढलं.

असा दोष प्रोग्रामच्या चाचणीत सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी सगळं बरोबर असतं. त्यासाठी माणसानेच नियम हाताशी घेऊन एकेक पान बघावं लागतं. ही पद्धत याकोब निल्सन आणि रॉल्फ मोलिच या, संगणक वापरायला सोपा कसा करावा याच्या अभ्यासकांनी १९९० साली मांडली. निल्सन यांनी १९९४ मध्ये दिलेले १० नियम आम्ही वापरतो. वापरणाऱ्याच्या बोलीतले शब्द घ्या, हा त्यातलाच एक. चूक झाली तर काय चुकलं ते सरळ सांगा, हा दुसरा.

या दुसऱ्यात आम्हीही सापडलो आहोत. एका क्लासच्या प्रवेश अर्जात (अर्ज आमचाच, लपवायचं काय) पालकांनी मराठी कीबोर्डवरून मोबाइल नंबर टाकला की 'अवैध क्रमांक' यायचं. बिचारे दहा आकडे मोजून मोजून पुन्हा टाकत. अर्जाला फक्त इंग्रजी आकडे कळत होते, आणि तेवढंच तो सांगत नव्हता. आता मराठी आकडे तो आपोआप बदलून घेतो.

तपासायला आम्ही तिघांना बसवतो, तेही वेगवेगळं. निल्सन यांच्या अभ्यासात एकट्या तपासनिसाला सरासरी ३५ टक्के दोष सापडले होते, पाच जणांना मिळून सुमारे ७५ टक्के. पाच जण बसवले तर खर्च तुमच्याच बिलात येणार, म्हणून तीन. एकत्र बसवलं तर पहिल्याने बोट ठेवलं तिकडेच सगळे बघतात. तिघांतला एक तरी ते ॲप न बनवलेला असतो.

मग एकच काम धरून पायरीपायरीने जातो. आता काय करायचं हे माणसाच्या मनात येईल का? त्याचं बटण दिसेल का? हेच ते बटण, हे कळेल का? दाबल्यावर काम पुढे सरकलं हे समजेल का? ओटीपी बघायला मेसेजमध्ये जाऊन परत येईपर्यंत पान कोरं होतं, असली भानगड इथेच उघडी पडते.

अहवालात प्रत्येक दोषाला ० ते ४ असा आकडा असतो. ४ म्हणजे दुरुस्त केल्याशिवाय सुरूच करू नका. लोगो लहान दिसतो, हे बहुधा १. (मालकांचा पहिला आग्रह नेमका त्याचाच असतो.)

तपासणी झाली तरी तुमच्या दोन-तीन गिऱ्हाइकांच्या हातात ॲप द्या आणि शेजारी गप्प बसा. कधी कधी आम्ही काढलेला दोष त्यांना जाणवतही नाही, आणि आमच्या नजरेतून सुटलेल्यावर ते अडून बसतात.

येताना चाचणीसाठी वेगळं खातं काढून आणा, खऱ्या ग्राहकांची माहिती नको. तुमचे लोक वापरतात तसला साधा फोनही हवा. आणि दुकानात दिवसभर येणाऱ्या फोनची वही असेल तर ती नक्की आणा, आम्ही सुरुवात तिथूनच करतो.