माईक कोणाचा? ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅबोरिजिनल मीडियाची पार्श्वभूमी

ऑक्टोबर 2023 मध्ये ऑस्ट्रेलियात 'व्हॉइस'चं सार्वमत झालं. संसदेला सल्ला देणारी मूळ रहिवाशांची (म्हणजे अ‍ॅबोरिजिनल लोकांची) समिती राज्यघटनेत घालायची का, एवढाच प्रश्न होता आणि साधारण 60 टक्के मतं 'नाही'ला पडली. लांबून बघणाऱ्याला वाटतं ही मागणी हल्लीची असेल, पण आमचं आम्हाला बोलू द्या हे भांडण दोनेकशे वर्षांचं आहे, आणि माझ्या मते पडद्यावर कोण दिसतं त्यापेक्षा कॅमेरा आणि प्रसारणाचं लायसन्स कोणाच्या नावावर आहे यावर ते जास्त अडलंय.

पहिला पेपर तर हाताने लिहिलेला. टास्मानियातली उरलीसुरली मूळ माणसं फ्लिंडर्स बेटावर नेऊन ठेवली होती, तिथे 1836-37 मध्ये थॉमस ब्रून आणि वॉल्टर जॉर्ज आर्थर ही दोन पोरं तो काढायची. मजकूर तिथला गोरा कारभारी, कमांडंट रॉबिन्सन, याच्या नजरेखालून जायचा, त्यामुळे देवधर्म आणि साहेबाची स्तुती भरपूर, तरी पुढे ब्रूनने लिहिलंच की माणसं मरतायत, इथून सोडवा म्हणून राजाकडे आपले लोक विनंती का करत नाहीत. साहेब वाचणार हे माहीत असूनही लिहिलं हो!

मग एकदम 1938. गोऱ्यांच्या वसाहतीला 150 वर्षं झाली म्हणून 26 जानेवारीला सगळीकडे जल्लोष, आणि त्याच दिवशी सिडनीत जॅक पॅटन, विल्यम फर्ग्युसन, विल्यम कूपर वगैरे मंडळींनी शोकदिन पाळला. एप्रिलमध्ये पॅटनने स्वतःचं मासिक सुरू केलं, सहा अंक निघाले आणि सप्टेंबरनंतर बंद. 1972 ला जमिनीच्या हक्कासाठी चार अ‍ॅबोरिजिनल तरुणांनी कॅनबेरात संसदेसमोरच्या हिरवळीवर बीचवरची छत्री रोवून 'दूतावास' उघडला, म्हणजे आपल्याच देशात आपण परके म्हणून, पुढे पोलिसांनी तिथले तंबू उखडले ते देशभर टीव्हीवर दिसलं. गाजलं खूप, पण कॅमेरे दुसऱ्यांचे.

खरी उलथापालथ झाली वाळवंटात. 1980 ला अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये फ्रेडा ग्लिन, जॉन मकुंबा आणि फिलिप बॅटी यांनी 'कामा' ही मीडिया संस्था काढली, अरेर्न्तेसारख्या स्थानिक भाषांमधून रेडिओ सुरू केला. तेवढ्यात ऑसॅट उपग्रह येतोय हे कळलं, म्हणजे शहरातला इंग्रजी टीव्ही थेट घराघरात, पोरं आपली भाषा विसरणार ही धास्ती. मग यांनी थेट टीव्हीच्या लायसन्ससाठीच अर्ज टाकला आणि मिळवलं, 1988 ला इम्पार्जा चॅनल चालू झालं. अर्थात चॅनल चालवायला जाहिराती लागतात, त्यामुळे बहुतेक वेळ विकत घेतलेले शहरी कार्यक्रमच दिसायचे, हा टोमणा त्यांनी बराच ऐकला आणि तो अगदीच खोटा नव्हता.

त्याच वाळवंटातल्या युएंदुमू या वस्तीची गंमत वेगळी. तिथल्या वार्लपिरी लोकांनी 1985 ला लायसन्सबियन्सची वाट न बघता छोटा ट्रान्समीटर लावला. 1928 च्या कोनिस्टन हत्याकांडात पोलिसांच्या टोळीने मूळ रहिवाशांना गोळ्या घातल्या होत्या; सरकारी आकडा 31 मृतांचा, वार्लपिरी म्हणतात त्याहून खूप जास्त, आणि सरकारी चौकशीने गोळीबार योग्य ठरवलेला. त्यावर फ्रान्सिस जुपुरुला केली यांनी व्हिडिओ केला तर कॅमेरा कितीतरी वेळ नुसता डोंगर-झाडांवरून फिरतो. बाहेरच्याला कंटाळा येईल, पण त्यांच्या लेखी गोष्ट त्या जमिनीतच आहे, आणि ती सांगायचा हक्क नात्याने ज्यांचा, ती मंडळी शूटिंगला हजर लागतात, फ्रेममध्ये दिसली नाहीत तरी चालतं. मेलेल्या माणसाचं नाव-चित्र दुखवट्यात टाळायची प्रथाही त्यांच्याकडे आहे, आज ऑस्ट्रेलियन चॅनलवर कार्यक्रमाआधी मृतांची नावं-चित्रं असतील अशी जी सूचना येते ती त्यातूनच.

कोठडीतल्या अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या मृत्यूंवर नेमलेल्या रॉयल कमिशनने (सरकारी चौकशी आयोगाने) 1991 मध्ये अहवाल दिला, 99 मृत्यू तपासले, 339 शिफारशी केल्या. त्यात अ‍ॅबोरिजिनल मीडियाला पुरेसा निधी द्या हेही होतं, कारण पेपरात यांची बातमी आली तर गुन्ह्याचीच. त्याच वर्षी लिस्मोरमधून 'कूरी मेल' हे पाक्षिक सुरू झालं, मालकी अ‍ॅबोरिजिनल संस्थांचीच. मूळ रहिवाशांचं राष्ट्रीय चॅनल एनआयटीव्ही यायला मात्र 2007 उजाडलं आणि 2012 ला ते एसबीएस या सरकारी प्रसारण संस्थेच्या छत्राखाली गेलं, तेव्हा कुठे ते देशभर फुकट दिसायला लागलं. म्हणजे पोच वाढली, पण चॅनल आता त्या सरकारी संस्थेचा भाग आहे, आणि लायसन्स कोणाच्या नावावर हा प्रश्न परत तिथेच.