उड्या मारल्याने मुलीचं ‘अंग’ सरकत नाही

‘वयात आलीस, आता खो-खो पुरे. उड्या मारून अंग सरकतं, पुढे मूल राहत नाही.’ मालवणापासून दापोलीपर्यंत किती ओट्यांवर हे ऐकलंय! हे खरं नाही. ‘अंग’ म्हणजे गर्भाशय. ते कमरेच्या हाडांच्या आत असतं, अस्थिबंधांनी आणि खालच्या स्नायूंनी धरलेलं. अंग बाहेर येतं ते बहुतेकदा बाळंतपणांमुळे, वयामुळे, जुनाट खोकल्यामुळे. आणि मूल राहण्याचं म्हणाल, तर कित्येक वर्षं बॉक्सिंग खेळलेल्या मेरी कोमला २००७ मध्ये जुळी मुलं झाली. २००८ मध्ये ती पुन्हा जगज्जेती झाली.

पाळीतही खेळायला हरकत नाही. पुष्कळ मुलींची पोटदुखी हालचालीने कमीच होते. फक्त सराव फार आणि ताटात थोडं, असं झालं तर पाळी थांबू शकते. तो दोष उपासमारीचा. मुलीला पोटभर भात-मासे वाढा, खेळ बंद करू नका.

माझी भाची ओहोटीच्या ओल्या पुळणीवर खो-खोतला सूर मारायचा सराव करते. ढोपरं वाळूने भरतात. आजी आधी ओरडायची. आता तिच्यासाठी चुलीवर पाणी तापवून ठेवते.